पानगळ, पालवी आणि मूलग्रहणकाल
सह्याद्रीत पानांचे रंग कोठे व केव्हा पाहावेत

औषधी द्रव्याचे कोणते अंग कोणत्या ऋतूत घ्यावे, याचा नियम आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात पाठ केलेला असतो. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात तो आला आहे. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंतात, साल, कंद व चीक शरदात, सार हेमंतात, फुले-फळे ज्या त्या ऋतूत आणि मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावीत, असा त्याचा आशय. मुळांच्या बाबतीत ऋतूला जोडून एक अट आहे. वनस्पती ‘शीर्णप्ररूढपर्ण’ असावी. म्हणजे ऋतूचे नाव सांगून आचार्य थांबले नाहीत, त्यांनी वैद्याला झाडाच्या पानांकडे पाहावयास सांगितले. परीक्षेत या पदाचा अर्थ आपण सर्वजण बरोबर लिहितो. तथापि शिवण, टेटू किंवा पाडळ यांपैकी एकाही वृक्षाला निष्पर्ण अवस्थेत पाहिले आहे असा स्नातक विरळाच भेटतो. ती अवस्था आपल्या पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात कोठे आणि केव्हा पाहावयास मिळते, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न आहे.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. एका सूतिकेला दशमूलाचा काढा योग्य मात्रेत देऊनही अपेक्षित लाभ दिसेना. एका रुग्णावरून द्रव्याला दोष देणे शास्त्रशुद्ध नव्हे, हे मान्य. तरीही शंका आली म्हणून त्याच पुरवठादाराकडून भरडीऐवजी अख्खी द्रव्ये मागविली. श्योनाक म्हणून जी साल आली ती जाड, रवाळ आणि विलक्षण कडू होती. ती महारुखाची, म्हणजे अरलूची, खोडसाल निघाली. श्योनाक आणि अरलू यांचा हा घोटाळा जुना आहे व बाजारात तो सर्रास चालतो. परंतु मला अधिक लागले ते असे, की टेटूची खरी मूळसाल कशी असते हे मी स्वतः झाडाशी जाऊन कधी पाहिले नव्हते. दोष पुरवठादाराचा होता तितकाच माझाही होता.

शरद म्हणजे पानगळ नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील झाडे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पिवळी-तांबडी होतात. त्या ऋतूच्या नावाचे भाषांतर आपण ‘शरद’ असे करतो आणि मग दिनदर्शिकांवरील चित्रे पाहून आपल्याकडेही आश्विन-कार्तिकात पाने रंगत असतील असे गृहीत धरतो. महाविद्यालयांच्या वनौषधी सहलीही बहुधा दिवाळीच्या आगेमागेच निघतात, कारण सुट्ट्यांचे गणित तसे जमते. पण सह्याद्रीत त्या वेळी काय दिसते? पाऊस नुकताच सरलेला असतो, झाडे पानांनी भरलेली असतात आणि रंग बदललेला असतो तो फक्त गवताचा. सड्यावरचे व माळावरचे गवत सोनेरी होते. झाड मात्र हिरवेच राहते. शरद हा आपल्याकडे साल, कंद आणि चीक यांचा ऋतू आहे. मुळांसाठी त्या वेळी अरण्यात जाणे व्यर्थ होय.

यामागील कारण सरळ आहे. थंड प्रदेशात पानगळ घडवितात ते लहान होत जाणारे दिवस आणि उतरणारे तापमान. आपली किनारपट्टी सौम्य हवामानाची आहे. मुंबईत ऐन जानेवारीतही सरासरी किमान तापमान १६ ते १९ अंश सेल्सियसच्या आसपास राहते. इतक्या थंडीने झाड पाने टाकीत नाही. ते टाकते ते मुख्यतः जमिनीतील ओल कमी होऊ लागल्यामुळे. पान हे पाणी बाहेर टाकणारे अंग असल्याने तुटीच्या काळात झाड ते मिटवून घेते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक सैल थर तयार होतो व पान तेथून सुटते. सुटण्यापूर्वी पानातील नत्र, स्फुरद इत्यादी पोषक अंश बऱ्याच प्रमाणात फांदीकडे परत ओढून घेतले जातात. हरितद्रव्य विघटित झाले की मुळात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग मात्र असा आधीपासून असत नाही. काही जाती तो अँथोसायनिनच्या रूपाने त्या वेळी नव्याने तयार करतात. म्हणून पिवळी होणारी झाडे पुष्कळ आणि तांबडी होणारी मोजकी.

ओलीवर सारे अवलंबून असल्यामुळे पानगळीची तारीख पंचांगापेक्षा जागेवर ठरते. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून सुमारे ३० किलोमीटरवरील वाईला तो हजाराच्या आत असतो. या एवढ्याशा अंतरात पानांची वेळापत्रके पूर्णपणे वेगळी झालेली आढळतात. पाऊस लांबलेल्या वर्षी पानगळही पुढे सरकते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३६ व्या अध्यायात, अमुक ऋतूत अमुक अंग घ्यावे असे सांगणारे इतरांचे मत नोंदवून ते अमान्य केले आहे आणि द्रव्याचे व काळाचे सौम्य-आग्नेयत्व पाहावयास सांगितले आहे. केवळ महिन्याच्या नावावर विसंबणाऱ्याला तो इशाराच आहे, असे मला वाटते.

कोठे पाहावे

पुष्कळांचा ओढा डिसेंबरात महाबळेश्वर किंवा माथेरानकडे असतो. पानांच्या रंगासाठी ही दोन्ही ठिकाणे टाळावीत. महाबळेश्वरचे रान जांभूळ, अंजनी, पिसा अशा सदाहरित वृक्षांचे आहे. ही झाडे पाने बदलतात, पण थोडी थोडी आणि कोणाच्या लक्षात न येता. थंड हवा आहे म्हणून पाने रंगत असतील, हा तर्क येथे फसतो.

त्याऐवजी घाटमाथ्यावरून पूर्वेला उतरावे. वाई, भोर या बाजूच्या कोरड्या डोंगरसोंडांवर सर्वांत आधी मोई (शिमटी, ग्रंथोक्त जिंगिणी) पिवळी पडते. मार्गशीर्षातच तिची पाने विरळ होतात आणि पौषात जाड, बोथट टोकांच्या फांद्या तेवढ्या उरतात. त्याच सुमारास काटेसावर उघडी पडू लागते. अशा कोरड्या टेकड्यांवर कोठे सालई असेल तर तीही शिशिरात निष्पर्ण सापडते. हा प्रदेश सुरुवातीसाठी उत्तम, कारण झाडे सुटी सुटी उभी असतात आणि प्रत्येकाभोवती फिरून पाहता येते.

पश्चिमेकडे, म्हणजे कोकणाच्या अंगाला, हे सर्व महिना-दीड महिना उशिरा घडते. पनवेलजवळचे कर्नाळा अभयारण्य, बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ताम्हिणी घाटाचा खालचा उतार, भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट ही मिश्र पानगळीची राने माघ-फाल्गुनात पाहावीत. येथे साग, ऐन, किंजळ, बेहडा, शिवण, कुंभा, नाणा, कुसुंब असे अनेक वृक्ष एकत्र असतात आणि प्रत्येकाची अवस्था निराळी असते. एक झाड पिकलेले, शेजारचे उघडे, तिसरे पालवलेले. परदेशी चित्रांतल्यासारखा सबंध डोंगर एका रंगात न्हालेला येथे दिसणार नाही. रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो. वैद्याच्या दृष्टीने हेच सोयीचे, कारण वेगळा ठिपका म्हणजे बहुधा वेगळी जात.

या ठिपक्यांत खरा तांबडा रंग देणारे प्रमुख झाड कुंभा. फांद्यांच्या टोकांशी गर्दीने येणारी, बारीक दातेरी कडांची त्याची मोठी पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात. याचीच फुले वाकुंभा म्हणून घरोघरी बाळगुटीत वापरली जात. नाणा व त्याचा भाऊबंद ताम्हण यांची पानेही तांबूस होऊन गळतात. गावात राहूनच पाहावयाचे असल्यास किनारपट्टीवरील कोणताही देशी बदाम पुरेसा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तो असा रंगतो की लहान मुलेही पाने वेचतात. (हा बदाम म्हणजे ग्रंथोक्त वाताम नव्हे, हे वैद्यांना सांगण्याची गरज नसावी, परंतु रुग्णांना अनेकदा सांगावे लागते.)

दोन ठिकाणी रंगाने फसगत होते, ती नोंदवून ठेवतो. शरदाच्या अखेरीस कोकणात आणि गोव्यात, विशेषतः मोले व बोंडला या बाजूला, काही उंच झाडांचे शेंडे गंजाच्या रंगाचे दिसतात. लांबून ती पानगळ वाटते. ती किंजळाची पंखधारी फळे असतात, पाने खाली हिरवीच असतात. दुसरी फसगत सागाची. डहाणू-जव्हारकडील सागवने कधी कधी आश्विनातच करपल्यासारखी तपकिरी दिसतात. तेथे पान हाती घेऊन उजेडात धरावे. शिरांची जाळी उरली असेल आणि मधला गर नाहीसा झाला असेल, तर ते पान खाणाऱ्या अळीचे काम आहे. काळाने शीर्ण झालेले पान आणि कृमींनी खाल्लेले पान यांत भेद केलाच पाहिजे. सागाची खरी गळ त्यानंतर होते.

दोन लाल रंग

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तो मला एका चुकीतून समजला. माघाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांना घेऊन घाट उतरत असताना समोरच्या सोंडेवर एक लालबुंद झाड दिसले. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “तो पाहा कुसुंब, म्हणजे आपला कोशाम्र. त्याला वसंताची पालवी फुटली आहे.” सर्वांनी वह्यांत लिहून घेतले. आमच्याबरोबर वाट दाखविण्यासाठी आलेले एक वृद्ध कातकरी गृहस्थ थोडा वेळ थांबून म्हणाले, “डाक्तर, त्यो कुसुंब न्हाय, कुंभा हाय. पान पिकलंय त्याचं, गळंल आता.” आम्ही सोंडेवर चढून गेलो. झाड कुंभ्याचेच होते. मी ज्याला जन्म समजत होतो तो अंत होता.

आपल्या अरण्यात लाल रंग दोनदा येतो. एकदा जीर्ण पानाचा, शिशिरात. दुसऱ्यांदा नव्या पालवीचा, शिशिराच्या अखेरीपासून वसंतात. कुसुंबाची पालवी रक्तासारखी लाल असते व त्या काळात कित्येकांना ते फुललेले झाड वाटते. पिंपळाची पालवी गुलाबी-तांबूस, मोहाची तांब्यासारखी, आंब्याचीही तशीच. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरते भरण्यापूर्वी हा लाल रंग त्याला कडक उन्हापासून काही अंशी संरक्षण देतो, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. समशीतोष्ण देशांतल्या लोकांना लाल पान म्हटले की ऋतूचा शेवट आठवतो; आपल्याकडे तेवढ्यावरून निर्णय देता येत नाही.

ओळख अवघड नाही, मात्र जवळ जावे लागते. पालवीचे पान मऊ, तुकतुकीत, सैल लोंबणारे असते, रंग सर्वत्र सारखा असतो आणि ओढले तर देठ चिवटपणे धरून राहतो किंवा फाटतो. पिकलेले पान जाड व निबर असते, त्यावर डाग, छिद्रे, हिरव्या-पिवळ्या उरलेल्या जागा असतात, आणि बोटाने नुसते टेकविले तरी ते देठासकट सुटून फांदीवर स्वच्छ व्रण ठेवते. झाडाखाली पाहणे हाही उपाय आहे: जीर्ण लाल पानांचा सडा पडतो, पालवीचा पडत नाही.

हा भेद केवळ निरीक्षणाच्या आनंदापुरता नाही. दोन्ही रंगांचा अर्थ औषधिग्रहणात परस्परविरुद्ध आहे. पालवीचा लाल रंग सांगतो की ‘अचिरप्ररूढ’ पान घेण्याचा काळ आला. जीर्ण पानाचा लाल वा पिवळा रंग सांगतो की मुळाचा काळ जवळ आला. पाने गळताना मागे घेतलेले पोषण आणि पावसाळ्यानंतर साठलेले पिष्ट खोडात व मुळांत असते. पालवी फुटताना तोच साठा खर्ची पडतो. पालवीच्या ऐन भरात मूळ खणणे म्हणजे रिकाम्या कोठारात हात घालणे होय. येथे ‘शीर्णप्ररूढपर्ण’ या पदाचा मला भावलेला अर्थ असा: पाने पूर्ण गळलेली असावीत, अथवा नवी पाने पूर्ण वाढून प्रौढ झालेली असावीत. म्हणूनच शिशिर आणि ग्रीष्म असे दोन काळ दिले आहेत आणि मधला वसंत, म्हणजे पालवीचा काळ, गाळला आहे. हे माझे आकलन आहे. व्याकरणाच्या अंगाने कोणास अन्य अर्थ अधिक युक्त वाटल्यास त्यांनी जरूर लिहावे. एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पिष्टाचा साठा आणि औषधी कार्यकारी घटक या एकच गोष्टी नव्हेत. दोहोंचा संबंध प्रत्येक द्रव्यात स्वतंत्रपणे तपासावा लागेल. एकाच वृक्षाची मुळे तीन अवस्थांत घेऊन तुलना करणे हा पदव्युत्तर प्रबंधासाठी उत्तम विषय ठरेल.

बृहत्पंचमूलाचे वृक्ष उघडे असताना

पाचही वृक्षांची पानगळ एका वेळी होत नाही. शिवण माघात पिवळी पडून लवकर उघडी होते, आणि बऱ्याचदा पाने नसतानाच तिला पिवळसर-तपकिरी फुले येऊ लागतात. करडी-पांढरी, खपल्यांनी सुटणारी साल आणि समोरासमोर फुटलेल्या फांद्या ही तिची निष्पर्ण अवस्थेतील खूण. खाली पडलेली हृदयाकृती पाने उलटून पाहावीत, त्यांची पाठ फिकट असते. बेल याच्या उलट फार उशिरा, फाल्गुन-चैत्रात पाने टाकतो. म्हणजे शिवणीचे मूळ आणि बेलाचे मूळ एकाच फेरीत आणणारा माणूस दोहोंपैकी एकाचा काळ चुकवतोच. अग्निमंथ कोणता घ्यावा हा वाद या लेखात नको. आपल्याकडे त्या नावाने जी ऐरण घेतली जाते ती या मोठ्या वृक्षांसारखी ठळकपणे उघडी पडत नाही एवढेच नमूद करतो.

टेटू मात्र पानगळीतच पाहावा. पाने असताना तो गर्दीत हरवतो. उघडा झाला की फारशा फांद्या नसलेले ते सडसडीत झाड आणि त्यावर लोंबणाऱ्या हातभर लांबीच्या, तलवारीसारख्या चपट्या शेंगा दुरूनही ओळखू येतात. त्याचे पान प्रचंड मोठे व संयुक्त. आधी पर्णिका गळतात, मग जाड देठ सांध्यासांध्यांशी सुटून बुंध्याशी पडतात. ते वाळलेल्या हाडांसारखे दिसतात, आणि पहिल्यांदा पाहणारा क्षणभर दचकतो. महारुखाची गोष्ट वेगळी. तोही उघडा पडतो, त्याच्याही फांद्यांवर देठांचे मोठे व्रण राहतात, परंतु त्याचे खोड सरळसोट उंच असते, पाने चुरगळल्यास उग्र वास येतो आणि शेंगा कधीच नसतात. उन्हाळ्यात त्याला पंखधारी, तांबूस फळांचे घोस येतात. माझ्याकडे आलेली ती साल कोणत्या झाडाची हे मला या दोन झाडांखाली उभे राहिल्यावरच निःशंकपणे कळले. टेटूच्या मूळसालीला आतून पिवळसर छटा असते आणि ती हाताला मऊ लागते. महारुखाच्या रवाळ सालीशी तिची गल्लत डोळे मिटूनही होऊ नये.

पाहण्यासाठी सांगितलेल्या ठिकाणांपैकी कर्नाळा, बोरिवली, मोले, बोंडला ही संरक्षित क्षेत्रे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथून अनुज्ञेशिवाय काहीही आणता येत नाही, आणि आणू नये. तेथे फक्त डोळे वापरावेत. फाल्गुनात पाचोळा वाळलेला असतो व वणव्याचा धोका मोठा असतो, तेव्हा सोबतच्या मंडळींना विडी-काडीबद्दल आधीच सांगून ठेवावे.

प्रत्यक्ष मूळ घ्यावयाचे ते स्वतःच्या किंवा परिचिताच्या बांधावरील लावलेल्या झाडाचे. मुख्य सोटमूळ सोडून, बुंध्यापासून हात-दोन हात दूर, एकाच बाजूची एक-दोन आडवी मुळे तेवढी कापावीत. पुढील खेपेस दुसरी बाजू घ्यावी आणि मध्ये निदान दोन-तीन पावसाळे जाऊ द्यावेत. कापलेल्या जागी माती घट्ट दाबून खड्डा त्याच दिवशी बुजवावा. मूळ धुऊन, साल ओली असतानाच काढून सावलीत वाळवावी, आणि डब्यावर द्रव्याचे नाव व दिनांक यांच्याबरोबर त्या दिवशी झाडावर पाने कोणत्या अवस्थेत होती तेही लिहावे.